मागची डिस्क परत परत घासते? कॅलिपरला हात लावण्याआधी हे वाचा

माझी सायकल 26 इंची, स्टील फ्रेमची, व्ही-ब्रेकवाली, म्हणजे दोन बाजूंनी रबरं रिमला धरतात तसल्या ब्रेकची. वय पंधरा-सोळा वर्षं. फ्रेमला गंज नाही, मापाला मला छान बसते, म्हणून नवी घ्यायचं मनात नव्हतं. पण पावसाळ्यात बोपदेव घाट उतरताना ओल्या रिमवर ब्रेकची रबरं नुसती सरकायची. चिखल आणि बारीक वाळू रिमला कानशीसारखी खात होती. दोन पावसाळ्यांत रिमच्या बाजूला नखाला लागेल असा खळगा पडला. तेव्हा ठरवलं, डिस्क लावायच्या, म्हणजे रिमऐवजी हबवरची धातूची चकती धरणारे ब्रेक.

पुढे डिस्कचे कान, म्हणजे कॅलिपर बसवायच्या भोकांच्या पट्ट्या, असलेला सेकंडहँड सस्पेन्शन चिमटा मिळाला. दोन्ही चाकं डिस्क हबवर नव्याने विणून घेतली. डिस्कला दोन पॅडमध्ये धरतो तो कॅलिपर; मी मेकॅनिकल घेतले, म्हणजे तारेवर चालणारे. व्ही-ब्रेकच्या जुन्या मुठी त्यांना चालतात. फ्रेमला मागे कान नव्हते, म्हणून क्लॅम्पवाला अडॅप्टर मागवला. पट्टीचं एक टोक मागच्या आसाच्या पकडीत, दुसरं सीटस्टेला, म्हणजे सीटखालून आसाकडे उतरणाऱ्या बारीक नळीला, क्लॅम्पने धरलेलं. रविवारी दुपारपर्यंत सगळं जागेवर बसलं. संध्याकाळी गल्लीत दोन चकरा मारल्या आणि घरी येऊन उगाचच सगळ्यांना ब्रेक दाबून दाखवला.

आठव्या दिवशी मागून आवाज: स्स… स्स… स्स. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा.

कॅलिपरचे दोन बोल्ट सैल केले, मूठ दाबून धरली, बोल्ट आवळले. सगळ्या व्हिडिओंत सांगतात तसं. आवाज बंद. पुढच्या आठवड्यात परत सुरू. डिस्क वाकली असेल म्हणून पान्याने सरळ केली. पॅड पॉलिश पेपरवर घासले. मग पॅड बदलले. मग दुकानातल्या पोराने कॅलिपरखाली पातळ वायसर घातले. प्रत्येक उपायाने आवाज गेला आणि आठ-दहा दिवसांनी परत आला. तीन महिने हेच चाललं होतं. मी मनातल्या मनात अडॅप्टरवाल्याला, कॅलिपरवाल्याला आणि स्वतःला आलटून पालटून शिव्या देत होतो.

शेवटी पेठेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी सायकलला हातही लावला नाही. विचारलं, "आवाज कधी येतो ते सांगा आधी."

"सारखा येतो की काका."

"सारखा नाही. परत कधी येतो? पंक्चर काढल्यावर, घाट उतरल्यावर, का पाऊस झाल्यावर?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी मला परत पाठवलं. तेव्हा राग आला होता. पण महिनाभर मोबाइलमध्ये नोंद ठेवली आणि दुखणं कुठलं ते त्या नोंदीतूनच कळलं. डिस्क घासण्याची कारणं पाच-सहाच असतात आणि प्रत्येकाची परत यायची वेळ वेगळी असते. ती वेळ माहीत नसताना कॅलिपर हलवणं म्हणजे ताप बघून फक्त कपाळावर पट्टी ठेवणं.

माझ्या नोंदीत पहिली गोष्ट दिसली ती घाटाची. सपाटीवर शंभर किलोमीटर चालवली तरी आवाज नाही. सिंहगड एकदा उतरलो की दुसऱ्या दिवशी हजर.

घाट उतरल्यावर परत येत असेल तर

बायकोची लाल नेलपॉलिश घेतली. अडॅप्टरची पट्टी आणि फ्रेम यांच्या सांध्यावरून आडवी बारीक रेघ ओढली. अर्धी पट्टीवर, अर्धी फ्रेमवर. तशीच एक सीटस्टेच्या क्लॅम्पवर आणि एक कॅलिपरच्या बोल्टावर. सिंहगडावर जाऊन आलो. गोळेवाडी नाक्यावर उतरून बघितलं तर कॅलिपरवरची रेघ अखंड, आणि खालच्या सांध्यावरची रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून दीडेक मिलिमीटर सरकलेले. कॅलिपर पट्टीवर जिथल्या तिथे होता. पट्टीच अख्खी फ्रेमवर फिरली होती. मी तीन महिने सरकलेल्या पायावर भिंत सरळ करत होतो.

ती का फिरते, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. 26 इंची चाकात व्ही-ब्रेकची रबरं आसापासून साधारण 27 सेंटिमीटरवर रिम धरतात. 160 मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड आसापासून जेमतेम 7 सेंटिमीटरवर. तेवढंच चाक थांबवायला पॅडला जवळजवळ चौपट जोराने धरावं लागतं, आणि तो सगळा जोर कॅलिपरमधून अडॅप्टरवर, अडॅप्टरमधून फ्रेमवर येतो. ब्रेक लागला की फिरती डिस्क कॅलिपरला आपल्याबरोबर वर आणि पुढे ओढते, म्हणजे पट्टी सीटस्टेवर रेटली जाते. उलट, चढावर थांबून ब्रेकवर सायकल धरली की ओढ उलटी होते आणि पट्टी मागे येते. पट्टीला जरा जरी वाव असला तर प्रत्येक ब्रेकला ती पुढे-मागे कुरकुरत राहते आणि बोल्टाची पकड हळूहळू सुटते.

घरी तपासायचं असेल तर सायकल जमिनीवर उभी करा, मागचा ब्रेक घट्ट धरा आणि सीट धरून सायकल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या कुणाला तरी पट्टी आणि फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला 'टक' जाणवली तर तिथे ढिलाई आहे. कानापेक्षा बोट बरं. हबच्या कोनमध्ये, म्हणजे बेअरिंग दाबून धरणाऱ्या शंकूसारख्या नटात, ढिलाई असली तरी असाच आवाज येतो आणि कान फसतो.

माझ्याकडे ढिलाई येण्याची कारणं दोन निघाली. पहिलं म्हणजे रंग. क्लॅम्प फ्रेमच्या रंगावर बसला होता. रंग दाबाखाली चिरडतो, पातळ होतो, आणि तेवढीच बोल्टाची ओढ कमी होते. तुम्ही परत आवळता, तो परत चिरडतो. पट्टी टेकते तेवढ्याच जागेचा रंग खरवडून काढायचा, आणि आवळून झाल्यावर सांध्याच्या कडेने रंगाचा हात फिरवायचा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज शिरेल. दुसरं कारण म्हणजे अडॅप्टरबरोबर आलेली रबराची पट्टी. फ्रेमला ओरखडा पडू नये म्हणून क्लॅम्पच्या आत ती घालायला सांगतात. ब्रेकच्या जोराखाली रबर म्हणजे गादी. ती काढली आणि थंड पेयाच्या अॅल्युमिनियम डब्याचा पत्रा कात्रीने कापून, नळीला पूर्ण वेढा बसेल असा गुंडाळून घातला. दोन वेढ्यांत क्लॅम्प नीट बसला. पत्र्याची कड पॉलिश पेपरने घासून घ्या, माझं बोट कापलं.

आवळण्याचा क्रमही मी उलटा करत होतो. सायकल स्टँडला टांगून आधी क्लॅम्प, मग चाक. आता करतो ते असं: सायकल जमिनीवर, वजन चाकावर, म्हणजे आस खाचेच्या आतल्या टोकाला टेकतो. आधी आस आवळायचा. मग पट्टी फ्रेमला. मग सीटस्टेचा क्लॅम्प. कॅलिपर सगळ्यात शेवटी. बोल्टांना निळं लॉकटाइट, म्हणजे आटे सुटू न देणारा गोंद. लाल लावू नका, उद्या काढायचं झालं तर बोल्ट तापवत बसाल. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचं.

अडॅप्टर नसलेल्यांनाही घाटानंतर घासण्याचा त्रास होतो. तिथे डिस्कचे सहा बोल्ट बघा. ते टी-25 तारा-पान्याचे असतात; समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, ओळीने एकामागून एक नाही. आणि फ्रेमला 51 मिलिमीटर अंतरावर दोन आडव्या भोकांचे जुने आयएस कान असतील, तर त्या कानांवर रंगाचा जाड थर असतो. त्यामुळे कॅलिपर तिरका बसतो, आणि रंग दाबाखाली चिरडला की थोडा सरकतो. कानशीचे दोन सपाट हात पुरतात. नंतरच्या पोस्ट माउंटमध्ये भोकं 74 मिलिमीटरवर असतात आणि बोल्ट डिस्कला समांतर जातात. तिथे कॅलिपर आडवा हलवायची सोय असते, म्हणून हा त्रास कमी.

पंक्चर काढल्यावर परत येत असेल तर

घाटाचा प्रश्न मिटला आणि तीन आठवडे शांतता होती. मग पंक्चर झालं, चाक काढलं, घातलं, आणि स्स… स्स. ही वेगळी गोष्ट. नोंदीत दोन्ही सरमिसळ झाल्या होत्या म्हणून मला एकच वाटत होती.

जुन्या फ्रेममध्ये मागची आसाची खाच सरळ उभी नसते, तिरकी किंवा आडवी असते. त्यात आस दरवेळी केसभर पुढे-मागे बसतो. व्ही-ब्रेकला त्याने काही फरक पडत नाही. डिस्क आणि पॅड यांच्यातली फट मात्र मुळात दोन-तीन दशांश मिलिमीटरची. आस एवढासा तिरका बसला तरी डिस्क एका पॅडला टेकते. उपाय साधा आहे: चाक नेहमी जमिनीवर उभ्या सायकलला घाला, खाचेच्या त्याच टोकापर्यंत ओढा आणि क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायची खटक्याची दांडी, असेल तर तिचा खटका कुठला ते बघा. ज्या दांडीचं कॅम, म्हणजे खटका फिरवल्यावर दांडी आवळणारा भाग, झाकलेलं असतं, बाहेर प्लास्टिकचा तुकडा दिसत नाही, ती जास्त घट्ट धरते. हलक्या दिसणाऱ्या उघड्या कॅमच्या दांड्या डिस्कच्या सायकलला नकोत. मी मागे सरळ नटाचा आस बसवला आणि पंधरा नंबरचा पाना पिशवीत टाकला.

अडॅप्टरची पट्टी हब आणि फ्रेम यांच्या मध्ये बसणारी असेल तर आणखी एक भानगड. तिच्या जाडीएवढी फ्रेम फाकते. स्टीलची फ्रेम थोडं सहन करते. अॅल्युमिनियमची जबरदस्तीने फाकवायला जाऊ नका. हब घेण्याआधी खाचांमधलं आतलं अंतर मोजा. जुन्या माउंटन बाइकचा मागचा हब सहसा 135 मिलिमीटरचा असतो, पण आणखी जुन्या फ्रेम 130 च्याही सापडतात.

पावसानंतर, धुतल्यानंतर

इथे घासण्यापेक्षा किंचाळणं जास्त असतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा तेल. साखळीला स्प्रे मारताना तो डिस्कवर उडतो. सर्व्हिसिंगला दिली की शेवटी अख्ख्या सायकलवर चकाकीचा फवारा मारून देतात, गाडीला मारतात तसा. माझी एकदा अशीच चकचकीत होऊन आली आणि कोपऱ्यावरच्या सिग्नलला ट्रकसारखी ओरडली. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कपड्यावर पुसा. पॅडनी तेल प्यालं असेल तर ते गॅसवर भाजणं, पेट्रोलमध्ये भिजवणं असले प्रयोग लोक करतात, मीही केले. दोन दिवस बरं वाटतं, पॅड तापला की आतलं तेल परत वर येतं. नवे पॅड घ्या.

नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि चाक न अडकवता चालायच्या वेगापर्यंत ब्रेक मारायचा, असं वीस-तीस वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो. हे न करता थेट घाटात नेली तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि नुसतेच ओरडतात.

मूठ हळूहळू हँडलला टेकायला लागली तर

हे घासण्याचं नाही, पण याच दुरुस्तीतून घासणं सुरू होतं, म्हणून सांगतो. मेकॅनिकल डिस्कची सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही.

स्वस्त कॅलिपरमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो. आतला, चाकाकडचा, स्थिर असतो. ब्रेक दाबला की बाहेरचा पॅड डिस्कला ढकलून आतल्यावर टेकवतो, म्हणजे डिस्क दरवेळी थोडी वाकते. पॅड झिजले की मूठ खोल जाते. मग आपण मुठीजवळची गोल चकती फिरवून तार ताणतो. व्ही-ब्रेकची सवय. पण तार ताणल्याने कॅलिपरचा हात अर्धा ओढलेल्या अवस्थेतच राहतो, त्याचा जोर कमी होतो, आणि आतला पॅड तिथेच लांब राहतो. डिस्क आणखी वाकते. शेवटी डिस्क कॅलिपरच्या धातूला घासायला लागते.

करायचं ते उलट. तार सैल सोडा, हात पूर्ण मागे जाऊ द्या. चाकाच्या आरांमधून लांब अॅलन की घालून आतला पॅड पुढे आणा. डिस्कच्या इतक्या जवळ की मधून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल. मग तार. महागड्या कॅलिपरना, उदाहरणार्थ अॅव्हिडच्या बीबी-7 ला, दोन्ही बाजूंनी फिरवायच्या चकत्या असतात, तिथे हे दहा सेकंदांचं काम आहे. त्याच वेळी डिस्कची जाडीही बघून घ्या. शिमानोची नवी डिस्क 1.8 मिलिमीटरची असते, 1.5 ला आली की बदलायची. तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो.

तारेचं आवरण जुनंच वापरलं असेल तर तेही बघा. व्ही-ब्रेकसाठी फ्रेमवर तार उघडी जायची. आता आवरण मुठीपासून कॅलिपरपर्यंत सलग हवं, नाहीतर पाणी शिरून तार अडकते आणि पॅड पूर्ण मागे येत नाही. ती 'स्स' वेगळीच, सलग. फेरीला एकदा नाही.

उभं राहून पेडल मारतानाच घासत असेल तर हबचे कोन आणि आरांचा ताण बघून घ्या, चाकाचा आऊट काढून घ्या.

पुढच्या चाकाबद्दल

इथे मी कुणाचं ऐकून घेणार नाही. व्ही-ब्रेकच्या साध्या चिमट्याला क्लॅम्पवाला अडॅप्टर लावून पुढे डिस्क बसवू नका. ज्याचा डावा पाय खालून डिस्कसाठी बनलेला नाही, तो पुढच्या ब्रेकचा जोर घेत नाही. शिवाय पुढे ब्रेक लागला की डिस्क आणि कॅलिपर मिळून आसाला खाली, खाचेच्या तोंडाकडे ढकलतात. दांडी सैल असेल तर चाक सुटू शकतं. पुढच्या दांडीचा खटका डिस्कच्या विरुद्ध बाजूला, उजवीकडे ठेवा आणि पूर्ण उघडल्यावरही तो डिस्कपर्यंत पोचत नाही ना, ते बघा. 2015 मध्ये ट्रेकने अमेरिकेत सुमारे 9 लाख सायकली परत मागवल्या त्या एवढ्याशा खटक्यासाठी; तो जास्त उघडून डिस्कमध्ये अडकू शकत होता. डिस्कचे कान असलेला चिमटाच घ्या. घेताना वरच्या नळीचं माप आणि आटे आहेत का नाहीत, हे जुन्या चिमट्याशी जुळवून बघा.

माझ्या मागच्या डिस्कचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. रंग खरवडून, पत्रा घालून, नटाचा आस लावून चार महिने एकदाही घासली नाही. नेलपॉलिशची रेघ जशीच्या तशी. मी खूश. मग दिवाळीआधी सायकल पूर्ण उघडून धुतली, क्लॅम्प काढला, आणि सीटस्टेच्या नळीवर क्लॅम्पच्या कडेखाली बोट फिरवलं तर तिथे उथळ चेप. डोळ्याला दिसत नव्हती, तिरक्या उजेडात दिसली. आजूबाजूच्या रंगाला केसासारख्या दोन भेगा. ती बारीक नळी सीटखालून येणारं वजन झेलायला बनली आहे, बाजूने रेटा घ्यायला नाही. पट्टी सरकायची थांबली तेव्हा तो सगळा रेटा नळीनेच घेतला होता.

मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, अंगठ्याने चेप चाचपली आणि म्हणाले, "व्ही-ब्रेकचे खुंट कापले नाहीत ना अजून?"

नव्हते कापले. अडॅप्टर लावल्यावर दिसायला बरं म्हणून कापून टाकायचा विचार केला होता, आळसाने राहिला. आता मागे पुन्हा व्ही-ब्रेक आहे, डिस्कसाठी विणलेल्या नव्या चाकाच्या रिमला सुदैवाने रबरं टेकायची सपाट बाजू आहे. पुढे डिस्क. जोरात ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं, त्यामुळे थांबवण्याचं खरं काम पुढचाच करतो. घाटात मला फरक जाणवत नाही. कुणी विचारलं तर मी आता पुढचीच डिस्क सुचवतो. मागे लावायचीच असेल, तर क्लॅम्पऐवजी स्टीलच्या फ्रेमला कान वेल्ड करून देणारा चांगला फ्रेमवाला शोधा. आणि तुमचा अडॅप्टर आधीच लागलेला असेल, तर या रविवारी क्लॅम्प काढून त्याच्याखालच्या नळीवरून एकदा बोट फिरवा, टॉर्च तिरका धरून.